वाचकांचे प्रश्न : पट्टेरी कोटातले भूत

लहानपणी पाहिलेल्या आणि पुढे नावही विसरलेल्या कार्यक्रमांविषयी लिहा, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या टपालातील तीन पत्रे योगायोगाने एकाच कार्टूनभोवती फिरणारी निघाली. तिन्ही किनारपट्टीवरूनच आलेली आहेत, म्हणून त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे.

प्रश्न (एक वाचक, देवगड) : मी प्राथमिक शाळेत होतो, तेव्हाची गोष्ट. आखातात नोकरीला असलेल्या काकांनी गणपतीला येताना व्हीसीआर आणि पिशवीभर कॅसेट आणल्या होत्या. त्यांपैकी एका कॅसेटवर नावाची चिठ्ठीच नव्हती. तिच्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कोट घातलेले, किडे मिटक्या मारत खाणारे एक भूत होते आणि फिकट चेहऱ्याची एक मुलगी त्याचे नाव तीनदा घेऊन त्याला बोलावत असे. इंग्रजी आम्हां भावंडांत कोणालाच कळत नव्हते. त्यामुळे थोरला चुलतभाऊ टीव्हीशेजारी बसून सर्वांचे संवाद मालवणीत म्हणत असे. "माझा नाव तीनदा घे, मगे बघ कसो येतंय तो," हे त्याने रचलेले वाक्य आमच्या घरात आजही चालते. त्याच कॅसेटवर एक हिरवे, चिकट, खादाड भूतही होते असे मला आठवते; भाऊ मात्र म्हणतो, ते दुसऱ्याच कार्टूनमधले. अलीकडे त्या पट्टेरी भुताचा मूळ चित्रपट मुलीबरोबर पाहायला बसलो, तर त्यातील भूत त्या फिकट चेहऱ्याच्या मुलीचा मित्र नव्हतेच. ते तिच्याशी बळजबरीने लग्न करू पाहत होते. चित्रपट अर्ध्यावर बंद करावा लागला. आधी काय आले, कार्टून की चित्रपट? आमच्या आठवणीतील भूत इतके सज्जन कसे?

उत्तर : तुमच्या आठवणीत गोंधळ आहे तो फक्त हिरव्या भुताच्या बाबतीत; बाकी सर्व तपशील जागच्या जागी आहेत. तुम्ही पाहिलेली मालिका ‘बीटलज्यूस’ होय. आधी चित्रपट आला. टिम बर्टन यांनी दिग्दर्शित केलेला, मायकेल कीटन यांनी भुताची आणि विनोना रायडर यांनी लिडिया या मुलीची भूमिका केलेला हा चित्रपट मार्च 1988 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच्या रंगभूषेला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्यानंतर दीडच वर्षाने, सप्टेंबर 1989 मध्ये, कॅनडातील नेल्वाना या संस्थेने तयार केलेली कार्टून मालिका एबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी दाखवली जाऊ लागली. 1991 मध्ये ती फॉक्स वाहिनीवर रोज येऊ लागली आणि त्या वर्षअखेरीस संपली, तोवर तिचे एकूण 94 भाग झाले होते. मालिका विकसित करण्याचे श्रेय खुद्द बर्टन यांच्याकडे जाते आणि चित्रपटाचे संगीतकार डॅनी एल्फमन यांचीच धून तिच्या शीर्षकाला आहे. म्हणजे ही कोणी परस्पर केलेली नक्कल नव्हती. ज्यांनी चित्रपट केला, त्यांनीच तो मुलांसाठी उलटा करून घातला.

उलटा हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरत आहे. चित्रपट मुळात एका तरुण जोडप्याचा आहे. अपघातात मेलेले हे नवरा-बायको आपल्याच घरात भुते होऊन राहतात आणि ते घर विकत घेतलेल्या शहरी कुटुंबाला हुसकावून लावण्यासाठी त्या पट्टेरी भुताची मदत घेण्याच्या विचारात पडतात. मेल्यानंतरचे जग तेथे तहसील कचेरीसारखे आहे : टोकन घेऊन बाकावर बसायचे, आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत ताटकळायचे आणि शेवटी वैतागलेल्या बाईंनी तुमची फाइल उघडायची. ज्याच्या नावाने चित्रपट ओळखला जातो, ते भूत दीड तासाच्या चित्रपटात जेमतेम सतरा-अठरा मिनिटे दिसते आणि जेवढे दिसते तेवढे लबाड, आचरट आणि धोकादायकच आहे. लिडिया त्याचे नाव तीनदा घेते ती नाइलाजाने, आणि त्या मदतीची किंमत म्हणून ते तिच्याशी लग्न लावायला उभे राहते. तुम्ही मुलीसमोर चित्रपट बंद केलात, हे योग्यच केलेत.

कार्टून करणाऱ्यांनी ते जोडपे पूर्णपणे गाळले, लग्नाचा विषय मोडीत काढला आणि भूत व मुलगी यांना एकमेकांचे जिवलग मित्र केले. मात्र तीनदा नाव घेण्याचा नियम त्यांनी सोडला नाही. माझ्या मते सारी गंमत या एका निर्णयात आहे. चित्रपटात नाव घेणे म्हणजे फसव्या करारावर सही करणे होते. कार्टूनमध्ये ती मैत्रिणीने मारलेली हाक झाली. कोणाला, केव्हा आणि किती वेळ घाबरायचे, हे आता मोठी माणसे ठरवत नव्हती, भूतही ठरवत नव्हते. ते शाळकरी लिडिया ठरवत होती. जी गोष्ट घडू नये म्हणून चित्रपटात सर्वांनी जपायचे, तीच येथे प्रत्येक भागाची सुरुवात. कार्टून म्हणजे चित्रपटाचे पाणी घातलेले रूप, असे समीक्षेत सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. चित्रपटाने वाया घालवलेली एक उत्तम कल्पना कार्टूनने उचलली आणि शेवटपर्यंत नेली. 1990 साली या मालिकेला उत्कृष्ट कार्टून कार्यक्रमाचा डेटाइम एमी पुरस्कार दुसऱ्या एका मालिकेबरोबर विभागून मिळाला, तो काही केवळ चित्रपटाच्या पुण्याईवर नव्हे.

तुमच्यासारख्या मुलांना ती मालिका भाषा न कळताही भिडली, याचे मला नवल वाटत नाही. तिन्हीसांजेनंतर सापाचे नाव घ्यायचे नाही, त्याला ‘लांबडा’ म्हणायचे. भुताचे तर नावच काढायचे नाही, हा आपल्याकडे घरोघरी दिलेला दंडक. अशा घरातील मुलाला टीव्हीवर एक मुलगी मुद्दाम, ठासून, तीन-तीन वेळा तेच नाव घेताना दिसते आणि वाईट तर काही होतच नाही, उलट धमाल सुरू होते. आजीने घातलेली बंदी कोणीतरी आपल्या वतीने मोडत असल्याचा तो आनंद असतो, आणि त्याला भाषांतराची गरज लागत नाही.

दुसरे असे, की कोकणातील मुलाला भूत ही मोघम, निनावी गोष्ट म्हणून कधी भेटतच नाही. देवचार गावाची सीमा राखतो, मुंज्या पिंपळावर असतो, गिरा पाण्याकडे ओढतो, चकवा वाट भुलवतो. प्रत्येकाला पत्ता आहे, स्वभाव आहे आणि कोणाला काय मानवते, हेही ठरलेले आहे. राखणदाराची भीती वाटते आणि गावाला आधारही त्याचाच असतो. त्याचा वार्षिक मान चुकवला जात नाही. कार्टूनमधील भुतांचे जगही असेच वस्तीसारखे आहे. तेथे व्यायामाचा छंद असलेला फ्रेंच सांगाडा शेजारी राहतो, टॅप नृत्य करणारी कोळीण (जाळे विणणारी) आहे, समोरच्या घरात एक केसाळ राक्षस आहे आणि त्याचा कुत्राही आहे. त्या भुताला स्वतःलाही भीती आहे : वाळूतून वर उसळणाऱ्या पट्टेरी महाकाय अळ्या दिसल्या, की त्याची बोबडी वळते. इतरांना घाबरवणाराच मुळात भित्रा आहे, हे कळल्यावर सात-आठ वर्षांच्या मुलाला केवढे बळ येते, हे तुम्ही अनुभवलेच असेल.

शिवाय विदूषक आणि भेसूर अशी दोन्ही रूपे एकाच अंगावर वागवणारा कोणीतरी आपल्या मुलांनी आधीच पाहिलेला असतो. दशावतारातील संकासुर वेद पळवून नेणारा असुर खरा, परंतु रंगमंचावर तो आला की मालवणीतील त्याच्या कोट्यांनी मांडावरचे प्रेक्षक हसून लोळतात. गुहागर-दापोलीकडे शिमग्यात काळ्या पेहरावातील, पांढऱ्या दाढीमिशांचा संकासुर घुंगरे वाजवत अंगणात शिरला, की लहान मुले आईच्या पदरामागे दडतात आणि पुढच्याच क्षणी त्याच्या मागे वाडीभर धावत सुटतात. पट्टेरी कोटवाला आणि आपला संकासुर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि संकासुराला गावात जो मान आहे, तो कार्टूनच्या पात्राला मिळण्याचे कारणही नाही. परंतु घाबरणे आणि हसणे एकाच श्वासात करण्याची सवय तुम्हां भावंडांना होती, एवढे मात्र नक्की. तुमच्या चुलतभावाने त्या भुताच्या तोंडी मालवणी घातली, ती बहुधा नकळत त्याच परंपरेतून.

आता हिरव्या भुताविषयी. तुमचे भाऊ बरोबर आहेत. ते ‘द रिअल घोस्टबस्टर्स’ या दुसऱ्या मालिकेतील स्लायमर होय. तीही चित्रपटावरूनच झाली होती. चित्रपट 1984 चा, कार्टून 1986 ते 1991 या काळातील; म्हणजे दोन्ही मालिका काही वर्षे शेजारी शेजारी चालू होत्या, आणि कॅसेट भरणाऱ्याने एकीमागे दुसरी भरली असेल, तर तुमच्या आठवणीत त्या एक होणे स्वाभाविक आहे. ‘रिअल’ हा शब्द नावात आला, कारण फिल्मेशन या कंपनीची त्याच नावाची वेगळी मालिका त्याच वर्षी आली होती. येथेही तोच पालट दिसतो. चित्रपटात हॉटेलमधील अन्नावर ताव मारून पळणारे एक ओंगळ भूत कार्टूनमध्ये भूतपकड्यांच्या घरी पाळीव प्राण्यासारखे राहू लागते. मात्र स्लायमर गोड झाला, तसतशी ती मालिका मिळमिळीत होत गेली, असे माझे मत आहे. पट्टेरी भुताला मैत्री मिळाली, तरी त्याचा आचरटपणा आणि लबाडी कोणी काढून घेतली नाही. लिडिया त्याला प्रत्येक भागात खडसावते आणि तो पुढच्या भागात पुन्हा तेच करतो.

मुलीला मूळ कार्टून दाखवायचे असेल, तर एबीसीवरील सुरुवातीच्या वर्षांतील भाग निवडा. फॉक्ससाठी एकाच हंगामात 65 भाग काढण्यात आले आणि त्या घाईत गाजलेल्या चित्रपटांच्या विडंबनांवर पुष्कळ दिवस ढकलले गेले. मूळ कलाकृती ज्याला ठाऊक नाही, त्याला ते भाग कोरडे वाटतात.

प्रश्न (एक वाचक, अलिबाग) : घर आवरताना माळ्यावर जुनी व्हीएचएस कॅसेट सापडली. तिच्यात लहानपणी पाहिलेले बीटलज्यूसचे भाग आहेत आणि शेवटी कोणीतरी आमच्या घरच्या गणपतीच्या आरतीचे चित्रणही भरले आहे. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले, तर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. एका नातेवाइकाकडे चालू स्थितीतील व्हीसीआर आहे. कॅसेट लावून पाहावी का?

उत्तर : लावू नका. ती पांढरी भुकटी म्हणजे बुरशी आहे. आपल्याकडील पावसाळ्यात माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात राहिलेल्या कॅसेटचे बहुधा हेच होते. कॅसेट फिरू लागली, की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते, चित्र तर दिसत नाहीच, आणि नंतर त्या यंत्रात घातलेली प्रत्येक कॅसेट बाधित होते. चिकटलेली फीत ओढली जाऊन तुटण्याचा धोका वेगळाच. व्हीसीआर आता नव्याने बनत नाहीत. शेवटच्या उत्पादक जपानी कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे नातेवाइकाचे यंत्र बिघडले, तर दुरुस्तीचे भाग मिळणेही कठीण होईल.

सर्वप्रथम कॅसेटच्या मागील कडेला डाव्या कोपऱ्यात नखाएवढी प्लास्टिकची पट्टी आहे का, ते पाहा. असेल, तर ती मोडून काढा. ती नसली, की कॅसेटवर चुकूनही नवे काही भरले जात नाही. त्यानंतर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅसेट हवाबंद डब्यात उभी ठेवा. डांबराच्या गोळ्या घालू नका. त्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचा काही धाक नसतो. बुरशी वाळली, की कवच उघडून ती पुसावी लागते, आणि हे काम जुन्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. घरी करू नये, कारण ती भुकटी श्वासावाटे आत जाते. कॅसेट देताना ती कोणत्या देशातून आली, हे अवश्य सांगा. भारतात आणि आखातातील बहुतेक देशांत टीव्ही-चित्रणाची ‘पाल’ (PAL) पद्धती होती, तर अमेरिका-कॅनडामध्ये एनटीएससी. अमेरिकेतून आलेली कॅसेट येथील जुन्या यंत्रावर लावली, तर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा वरखाली पळत राहते, आणि ती खराब झाली असा गैरसमज होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगतो. कार्टूनसाठी जिवाचा आटापिटा करू नका. ती संपूर्ण मालिका 2013 मध्ये डीव्हीडीवर आली आहे आणि तुमच्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. आरतीच्या चित्रणाची दुसरी प्रत मात्र जगात कोठेही नसेल. पैसे आणि वेळ एकाच भागापुरते असतील, तर जाणकाराला फीत शेवटापासून तपासायला सांगा.

प्रश्न (एक आजी, गुहागर) : माझ्या मुलाने लहानपणी हे भुताचे कार्टून पाहिले होते, आणि आता त्याला ते आपल्या पाच वर्षांच्या मुलीला दाखवायचे आहे. सुट्टीत ती इकडे आली, की परसात रात्री एकटी जात नाही. शिमग्यात संकासुराला पाहून रडली होती. भुताचे कार्टून दाखवून तिच्या भीतीत भर पडणार नाही का? मुलगा म्हणतो, "आई, ते भूत चांगलं आहे."

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पाच वर्षांच्या मुलाला भूत चांगले की वाईट, याने फारसा फरक पडत नाही. त्या वयात भीती बसते ती रूपाची. डोळे बाहेर आलेले, चेहरा अचानक बदललेला, माणसाचे क्षणात दुसरेच काही झालेले, हे पाहून मूल दचकते. भूत मुळात मित्र आहे, ही समजूत वयाच्या सात-आठ वर्षांनंतर कामी येऊ लागते. आणि या मालिकेतील भूत तर सतत रूप पालटते. तोंडातून निघालेला वाक्प्रचार शब्दशः खरा होतो आणि त्याप्रमाणे त्याचे शरीर बदलते, हा तिच्यातील मुख्य विनोद आहे. तो इंग्रजी वाक्प्रचार ज्याला कळतो, त्याला हसू येते. ज्याला कळत नाही, त्याच्यासमोर केवळ एका माणसाचे डोके उडालेले असते. तुमच्या नातीच्या बाबतीत हे दुसरेच घडण्याची शक्यता अधिक.

म्हणून मालिकेला दोन-तीन वर्षे थांबायला काही हरकत नाही, ती कोठे पळून जात नाही. मुलाला राहवतच नसेल, तर त्याने एक भाग आधी स्वतः पूर्ण पाहावा, कारण मोठेपणी आपल्याला फक्त गमतीचे प्रसंग आठवतात. मग दिवसा, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, आवाज कमी करून, नातीला जवळ बसवून तो मराठीत सांगत दाखवावा. रिमोट तिच्या हातात द्यावा आणि हवे तेव्हा बंद करायची मुभा तिला असल्याचे आधीच सांगावे. तिने बंद केले, तर "एवढ्याला काय घाबरायचं," असे कोणीही म्हणू नये, आणि हे विशेषतः तुमच्या चिरंजीवांना सांगा, कारण आपले आवडते कार्टून मुलीला आवडले नाही, की बापच आधी हिरमुसतो.

संकासुराचा प्रश्न त्याहून सोपा आहे. पुढच्या शिमग्याला खेळे निघण्यापूर्वी सोंग घेणाऱ्याच्या घरी तिला घेऊन जा. काळा पेहराव चढवताना, दाढी बांधताना आणि कमरेला घुंगरे आवळताना पाहू द्या. त्याने परवानगी दिली, तर घुंगरे तिला हातात धरू द्या. परसात रात्री एकटी जात नाही, त्याची काळजी तुम्ही करू नका. कोकणातल्या परसात पाच वर्षांच्या मुलीने पावसाळ्यातील रात्री एकटे न जाण्याला विंचू आणि लांबडा, एवढी कारणे पुरेशी आहेत.